पार्श्वभूमी : बेळगावकडचे गाणारे-वाजवणारे कुमारांना धरून का बसलेत

शास्त्रीय गवई कुमार गंधर्वांची जन्मशताब्दी २०२४ ला झाली तेव्हा आमच्याकडे जे काय बोललं गेलं, लिहिलं गेलं, त्यात एक वाक्य फिरून फिरून येत होतं, ते म्हणजे "आपल्या सुळेभावीचा पोरगा". खरंच आहे ते, ८ एप्रिल १९२४ ला सुळेभावीत जन्म, मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी, घरची भाषा कन्नड. बेळगावात त्यांच्या नावाचं कलामंदिरही आहे. पण शहापूर, वडगाव, अनगोळ, तिकडे खानापूर, निपाणीपर्यंत जे पेटीवाले, तबलजी, भजन म्हणणारे पिढ्यानपिढ्या कुमारांवर जीव टाकतात ते काही जन्मगावामुळे नाही. जन्मगाव हे भाषणात सांगायला बरं असतं. मी स्वतः पेटी वाजवतो, भजनाला बसतो, क्लासची मुलं घेतो, आणि माझं स्पष्ट मत आहे की आमच्याकडच्या माणसाला कुमार लागतात ते यासाठी की त्यांनी स्वतःची गाणी स्वतः बांधली आणि स्वतःच गायली, आणि तीही अशा बोलीत जी त्यांच्या आईची नव्हती. दोन भाषांच्या मधे राहणाऱ्या वादकाला ही गोष्ट फार आतून कळते. त्यामागे काय काय आहे ते लिहून ठेवतोय.

सीमाप्रश्न काय ते इथे सांगत बसत नाही, वाचणाऱ्याला माहीतच आहे. फक्त एवढं लक्षात ठेवा की कुमार जन्मले तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात होता, १ नोव्हेंबर १९५६ ला तो म्हैसूर राज्यात गेला तेव्हा ते माळव्यातल्या (आताच्या मध्य प्रदेशातल्या) देवासला राहून आठ-नऊ वर्षं झाली होती, आणि २०१४ ला शहराचं नाव अधिकृत बेळगावी झालं तोवर त्यांना जाऊनही बावीस वर्षं झालेली. म्हणजे त्यांच्या गावाभोवतीच्या रेषा बदलत होत्या त्या सगळ्या काळात हा माणूस तिसऱ्याच मुलखात बसून गात होता.

आधीचं थोडक्यात. ग्वाल्हेरची गायकी दक्षिणेत आली ती इचलकरंजी-मिरजेच्या वाटेने. तिथल्या बुवांकडे कुरुंदवाडचा एक मुलगा शिकला, त्याने १९०१ ला लाहोरला संगीत विद्यालय काढलं, आणि त्याच्याच शिष्यांपैकी एकाने पुढे मुंबईत ऑपेरा हाऊसजवळ शाळा चालवली. त्या शाळेत सुळेभावीचा हा मुलगा दहा-अकरा वर्षांचा असताना दाखल झाला. नकाशावर बघितलं तर कुरुंदवाड, मिरज, इचलकरंजी, सुळेभावी हे सगळं एका दिवसात फिरून होण्यासारखं आहे आणि विद्या मात्र लाहोर, मुंबई करून परत इथल्याच पोराकडे आली. लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी ऐकून हुबेहूब गाऊन दाखवायचे, एका मठाच्या स्वामींनी "कुमार गंधर्व" नाव दिलं, १९३५ ला अलाहाबादच्या परिषदेत अकरा वर्षांच्या पोराने मैफल जिंकली, हे सगळ्यांनी शंभरदा वाचलंय. मला त्यात एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. मुंबईचे त्यांचे गुरुजी एका घराण्याला बांधलेले नव्हते. जिथून चांगली चीज, म्हणजे रागात बांधलेलं गाणं, मिळेल तिथून ती गोळा करायची, लिहून घ्यायची, शिकवायची अशी त्यांची पद्धत, आणि त्या शाळेत सगळ्या घराण्यांचे गवई यायचे-जायचे. तेव्हा पुढे कुमारांनी घराणं सोडलं असं जे म्हणतात ते तितकंसं बरोबर नाही, घराण्याच्या दोरीला ते पहिल्यापासूनच फारसे बांधलेले नव्हते.

मग आजारपण. क्षय झाला, १९४८ च्या सुरुवातीला कोरड्या हवेसाठी देवासला नेलं, डॉक्टरांनी गाणं बंद केलं, आणि पाच-सहा वर्षं पलंगावर. स्ट्रेप्टोमायसिन त्याच काळात मिळायला लागलं म्हणून माणूस वाचला. एक फुप्फुस जवळपास निकामी झालं. १९५२-५३ च्या सुमाराला परत गायला लागले.

आणि इथेच तो वाद आहे जो आमच्याकडे अजून संपलेला नाही. कुठल्याही भजनाच्या बैठकीनंतर, चहा आला की कोणतरी हा विषय काढणारच. आमचे एक म्हातारे तबलजी आहेत, हात अजून गोड आहे त्यांचा, ते दरवेळी म्हणतात, "मास्तर, तुम्ही काय बी म्हणा, दम नव्हता म्हणून तोडून गात होते ते. एका फुप्फुसावर विलंबित कसं गाणार माणूस?" अनेकांचं मत हेच आहे, शिकलेल्या लोकांचंसुद्धा. म्हणजे कुमारांची जी सगळी ओळख आहे, छोटे छोटे तुकडे, एकदम वरच्या षड्जावर (सा वर) फेकलेला आवाज, मग अचानक शांतता, परत एखादा हलका स्वर, मध्यलयीतल्या चीजा, तासाभराचा एकच ख्याल न आळवणं, हे सगळं म्हणे लाचारीतून आलं. शरीराने जे करू दिलं नाही त्याचीच त्यांनी शैली केली असा हा सगळा हिशेब.

मला हे पटत नाही आणि का पटत नाही ते जरा सविस्तर सांगतो, कारण या एका मुद्द्यावर त्यांच्याबद्दलचं बाकी सगळं मत ठरतं. पहिली गोष्ट म्हणजे साथीला बसणाऱ्याला दम कशात जातो ते चांगलं कळतं. विलंबितात, म्हणजे संथ लयीत, दम लागतो हे खरं, पण तिथे गवयाला श्वास घ्यायला जागाही भरपूर असते, ठेका हळू चाललेला असतो, दोन आवर्तनांत एखादा स्वर लावला तरी चालतं, मधे पेटी सारंगी भरून काढते. खरा दम काढतं ते जलद गाणं, द्रुत, तराणा, टप्पा. आणि कुमारांनी तर ठुमरी, टप्पा, तराणा यांवर वेगळी मैफल बांधली. ज्याला श्वासाची काटकसर करायचीय तो माणूस टप्प्याच्या वाटेला जाईल कशाला? दुसरं, त्यांची निर्गुणी, म्हणजे निराकार देवाची, भजनं ऐका. "सुनता है गुरु ज्ञानी" मधे ते वरचा स्वर लावून जे उभे राहतात, तो स्वर हलत नाही, कापत नाही, तिथे तुटकपणाचं नाव नाही. म्हणजे लांब स्वर लावता येत होता, जिथे हवा होता तिथे लावला. तिसरं, शांतता. ते थांबायचे तेव्हा मागे दोन तानपुरे असे वाजत असायचे की थांबलंय असं वाटायचंच नाही. तानपुरा लावण्यात त्यांचा वेळ किती जायचा याच्या गोष्टी सगळीकडे आहेत, आणि त्या गोष्टी उगीच नाहीत, रेकॉर्डिंगमधे ऐकू येतं ते. तानपुरा इतका सुरेल असला की गवयाला सतत भरत बसावं लागत नाही. ज्याला शांतता वापरायची असते तोच तानपुऱ्यावर एवढी मेहनत घेतो.

माझ्यापुरतं या वादाचं उत्तर मला तानपुऱ्यानेच दिलं. आमचे तानपुरे मिरजेचे, तिथल्या तानपुरा-सतारीला २०२४ ला भौगोलिक मानांकनही मिळालं. जवारी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा घासलेला पृष्ठभाग, बिघडली की इथे कोणाच्या हातात देववत नाही, मिरजेलाच नेतो. कारागीर घोडी काढतो, कानसीने अगदी जरासं घासतो, परत लावतो, तार छेडतो, कान लावतो, परत काढतो. मग तारेखाली सुताचा दोरा, तो केसभर पुढे घेतला की आवाज एकदम उघडतो, आणखी केसभर गेला की मिटतो. मणका वर-खाली करून शेवटचा सूर. हे बघितल्यावर मी घरी येऊन नुसता तानपुरा लावून बसायचो आणि एकच षड्ज लावून सोडून द्यायचो, आणि तेव्हा कानाला कळलं की सोडल्यानंतर जे उरतं त्यात गंधार (ग) आपोआप बोलतो, काहीच न गाता. कुमार त्या उरलेल्याशी गायचे. फुप्फुसाचा संबंध असेल तर एवढाच की पाच-सहा वर्षं गाता न आल्यामुळे ऐकायला वेळ मिळाला. तबलजींना हे पटवून देणं मी सोडलेलं नाही, त्यांनी आपलं म्हणणं सोडलेलं नाही.

पेटीवाल्यांचा या सगळ्यात एक वेगळा पेच आहे तो सांगायलाच हवा. पेटीचे सूर ठराविक, ते वाकत नाहीत, म्हणून आकाशवाणीने १९४० पासून पेटीवर बंदीच घातली होती आणि ती काही प्रमाणात उठली ती थेट १९७१ ला. बेळगावला तर पेटीची मोठी परंपरा, इथल्या थोर वादकांनी देशभरच्या गवयांना साथ केलेली. ज्याचा तानपुरा इतका नेमका त्याच्या मागे पेटी कशी वाजवायची? कुमारांच्या मैफलींना पेटी असायची, त्यांनी ती नाकारली नाही, पण त्या साथींमधे बघा पेटी किती कमी बोलते. आमच्याकडच्या वादकांनी कमी वाजवणं हे कुमारांच्या कॅसेटींवरून शिकलंय. जागा दिसली की भरायचीच या सवयीचा आमच्या हाताला रोग होता, भजनात तर फारच, तो त्यांच्यामुळे थोडाफार गेला.

आता गाणी बांधण्याचं. पलंगावर पडल्या पडल्या त्यांच्या कानावर माळव्याच्या बायकांची गाणी, रस्त्याने जाणारे जोगी, देवासच्या शीलनाथांच्या धुनीवरचे नाथपंथी भजनवाले हे सगळं पडत होतं. बरे झाल्यावर त्यांनी ती लोकगीतं गोळा केली, सुरावटी लिहून काढल्या. आणि मग म्हणाले की राग आधी आणि लोकगीत नंतर असं नसून धुनेतूनच, म्हणजे लोकगीताच्या चालीतूनच, राग निघतो. त्या धुनांमधून त्यांनी मालवती, संजारी, लगनगंधार, सहेली तोडी, अहिमोहिनी, मधसुरजा असे राग उभे केले, त्यांना धुनउगम राग म्हणतात. यावरही बरंच भांडण झालं, चार स्वरांच्या बायकी गाण्याला रागाचा फेटा बांधला असं जुने लोक म्हणायचे. मला त्या भांडणात फार पडायचं नाही, कारण राग टिकला की नाही हे गाणारे ठरवतात, आणि मालवतीतलं "मंगल दिन आज" आमच्या क्लासची नववीतली मुलगी न घाबरता म्हणते.

"अनूपरागविलास" या नावाने त्यांच्या चीजांचं पुस्तक १९६५ ला आलं, स्वरलिपीसकट, दुसरा भाग ते गेल्यानंतर १९९३ ला. ते गेले १२ जानेवारी १९९२ ला. त्या चीजा नीट वाचल्या तर कळतं की हा माणूस राधा-कृष्ण आणि सास-ननंद एवढ्यावर थांबलेला नाही. मधसुरजातली "बचा ले मोरी मां" घ्या. देवासला त्यांचं घर होतं माताजीच्या टेकडीच्या पायथ्याशी. टेकडीवर देवीला बळी द्यायला बकऱ्या नेत. या चीजेत बोलते ती बकरी. देवीला म्हणते, आई, मला वाचव, घरी पिल्लू एकटं आहे. संपलं, एवढंच. राग दुपारचा, डोक्यावर ऊन असतानाचा.

आता ही चीज आमच्या भागातल्या माणसाने ऐकणं आणि दुसऱ्या कोणी ऐकणं यात फरक पडतो. सुळेभावीला महालक्ष्मीची यात्रा भरते, सीमाभागातल्या गावोगावी लक्ष्मीच्या यात्रा असतात, काही काही वर्षांनी येणाऱ्या, सगळं गाव पाहुण्यांनी भरलेलं, आणि बकऱ्यांचं काय होतं ते आम्ही लहानपणापासून बघतो. दारात बांधलेलं बकरं, त्याला पाला घालणारी पोरं, आणि दोन दिवसांनी रिकामी दोरी. यावर कोणी गाणं बांधेल हे आमच्या डोक्यात कधी आलं नव्हतं, शास्त्रीय गाणं तर नाहीच. ती चीज पहिल्यांदा अर्थ समजून ऐकली तेव्हा मला वाटलं की चीज बांधायला विषय शोधायला जावं लागत नाही. त्यानंतर मी स्वतः चार ओळी जुळवायला लागलो, अजून जुळवतो, क्लासच्या मुलांना म्हणायला देतो.

आणि ती आहे माळव्याच्या बोलीत. मी सुरुवातीला म्हटलं ते हेच. त्यांची घरची भाषा कन्नड, शिक्षण मुंबईत मराठी-गुजराती वातावरणात, संसार देवासला, चीजा माळवी-हिंदीत, आणि मराठीत तर काय काय, तुकारामाचे अभंग, बालगंधर्वांची पदं त्यांनी आपल्या समजुतीने वेगळी मांडली (त्यावर नाटकवाले केवढे चिडले), आणि तांब्यांच्या कवितांची अख्खी मैफल. या तांब्यांचंही बघा, भा. रा. तांबे हे मराठीचे इतके मोठे कवी, पण जन्मले मुंगावलीला, नोकऱ्या केल्या माळव्या-ग्वाल्हेरकडे, गेले ग्वाल्हेरला. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी लिहिणारा कवी आणि कन्नड घरातून येऊन ती मराठी गाणारा गवई. आमच्याकडे शाळा एका भाषेत, ऑफिस दुसऱ्या, घरात मराठी, बाजारात दोन्ही, आणि एखादा उमेदीचा गाणारा पोरगा वीस वर्षांचा झाला की त्याला पहिला प्रश्न पडतो की मी गाणं लिहू तर कशात लिहू. मराठीत लिहिलं तर इथे कार्यक्रम देणारा विचारतो कन्नड काय आहे, कन्नडमधे लिहिलं तर घरचे गप्प बसतात. कुमारांनी आपली भाषा सोडली असा आरोप मी दोन्ही बाजूंकडून ऐकलाय, कन्नडवाले म्हणतात आमच्यासाठी काय केलं, मराठीवाले म्हणतात आमचेच होते. मला दोन्ही म्हणणी चुकीची वाटतात. जिथे राहिले तिथला आवाज त्यांनी कानात घेतला आणि त्या आवाजात लिहिलं. देवासला राहून माळवीत. बेळगावला राहिले असते तर इथल्या बोलीत लिहिलं असतं, आणि आमची बोली तर अशी की एका वाक्यात दोन्ही भाषा हातात हात घालून चालतात. आमच्या गावच्या बायका लग्नात, हळदीला, जात्यावर जे म्हणायच्या त्यात कन्नड ओळ कुठे संपते आणि मराठी कुठे सुरू होते ते त्यांनाही सांगता यायचं नाही. ते कोणी गोळा केलेलं नाही, निदान सुरावटींसकट तरी माझ्या बघण्यात नाही. कुमारांवर प्रेम आहे म्हणणाऱ्यांनी हे काम करायला पाहिजे होतं.

धारवाड-हुबळीकडची जी मोठी नावं, ज्यांच्यामुळे उत्तर कर्नाटक हिंदुस्थानी गाण्यासाठी ओळखलं जातं, त्यांच्याबद्दल आदर कमी नाही. त्यांच्या किराणा घराण्याचे स्वर आमच्याकडे घराघरात आहेत. पण ती मंडळी प्रामुख्याने गाणारी. आलेली विद्या कळसाला नेणारी. बांधणारा आणि गाणारा एकच, आणि बांधलेलं इतकं स्वतःचं, असं म्हटलं की इथल्या लोकांच्या तोंडी कुमारच येतात, आणि म्हणून स्वतः चार ओळी जुळवणाऱ्यांना, पेटीवर चाल शोधणाऱ्यांना ते जवळचे वाटतात.

हे प्रेम पिढीतून पिढीत गेलं कसं तर बहुतेक कॅसेटींमुळे. ऐंशी-नव्वदच्या दशकात कोरी कॅसेट घ्यायची, कोणाकडून तरी कॉपी करून आणायची, कॉपीची कॉपी, त्यात तानपुरा पार पुसून गेलेला असायचा आणि तरी आम्ही तेच ऐकत होतो. मैफलीच्या मधे त्यांचं बोलणं, खोकणं, तबलजीला दिलेली दाद हे सगळं पाठ. त्यामुळे आमच्या पिढीला पुस्तकातले कुमार कमी आणि आवाजातले जास्त माहीत. आता सगळं मोबाईलवर आहे, आवाज स्वच्छ, तानपुरा अगदी समोर. त्याचा फायदा नवीन मुलांना झालाय हे नक्की, त्यांचे कान आमच्यापेक्षा लवकर तयार होतात.

तोटा एकच दिसतो. गेल्या दहा-पंधरा वर्षांत कुमार म्हणजे कबीर असं समीकरण झालंय. कुठेही कार्यक्रम असो, फर्माईश त्याच तीन-चार निर्गुणी भजनांची, शताब्दीतही आमच्याकडे तेच झालं, गाणाऱ्यांनीही तेच गायलं कारण टाळ्या तिथे मिळतात. भजनं मोठी आहेतच, मी स्वतः म्हणतो. पण शब्द कबीराचे. कुमारांचे स्वतःचे शब्द, स्वतःची चाल, स्वतःचा राग जिथे एकत्र आहेत त्या चीजा मागे पडल्यात, गीतवर्षा-गीतहेमंत-गीतवसंतसारख्या ऋतूंवर बांधलेल्या मैफली तर नव्या मुलांना नावाने पण माहीत नाहीत. १९६९ ला गांधींच्या शताब्दीला बांधलेला गांधी मल्हार आमच्या भागात कोणी बैठकीत मांडलेला मी तरी ऐकला नाही. क्लासमधे म्हणून मी आता क्रम उलटा केलाय, आधी मालवती, मग मधसुरजा, मग पावसाळ्यात जमलं तर गांधी मल्हारची अस्थाई (चीजेचा पहिला भाग), आणि भजन मागितलं तर वर्षाच्या शेवटी.